कडू औषध आणि बरं होण्याचं श्रेय

कावीळ हा आजार औषध देणाऱ्यावर फार मेहरबान आहे. हेपटायटिस ए, म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणारी एक सूज, झालेला माणूस आधी काही दिवस नुसता मरगळलेला असतो. ताप येतो-जातो, अन्नाचा वासही नकोसा होतो आणि नेमकं काय झालंय ते कुणाला कळत नाही. मग एका सकाळी डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो आणि घरात धावपळ सुरू होते. रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य डेसिलिटरला अडीच-तीन मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय हा पिवळेपणा सहसा डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे तो दिसतो, तोवर शरीरानं विषाणूशी बरीचशी लढाई उरकलेली असते. नेमका त्याच दिवशी पाल्याचा रस सुरू होतो. पुढच्या काही आठवड्यांत भूक परत येते, डोळे निवळतात, आणि रस देणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत होतं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. फरक इतकाच, की इथे फांदी जवळजवळ दर वेळी मोडतेच. हेपटायटिस ए जुनाट होत नाही. हेपटायटिस ईसुद्धा बहुतेकांत आपसूक जातो. गरोदरपण हा त्यातला मोठा आणि भीतिदायक अपवाद. हेपटायटिस बी मोठ्या माणसाला झाला, तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं शरीर तो विषाणू स्वतःच्या बळावर हुसकावून लावतं. नवजात बाळाला आईकडून झाला, तर गणित उलटं होतं आणि नव्वद टक्के बाळांत तो ठाण मांडून बसतो. म्हणून समोर धडधाकट तरुण रोगी असेल, तर औषधाच्या बाटलीत काहीही असलं तरी यश ठरलेलं. आणि ज्या थोड्यांचं यकृत खरोखर निकामी होतं, ते शेवटी रुग्णालयात पोचतात. तिथे काही बरंवाईट झालं, तर त्याचा दोष आधीच्या रसाला कुणी देत नाही.

यकृताला पुन्हा वाढण्याची जी हातोटी आहे, ती शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या इंद्रियाला नाही. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला, तर उरलेला तुकडा वाढून थोड्याच दिवसांत जवळपास मूळच्या वजनाला आला. इतक्या गुणी इंद्रियाचं औषध शोधणं म्हणूनच अवघड. ते बरं झालं, तर कशामुळे झालं हे ओळखायचं कसं?

या सगळ्यात मी पडले ती काकांमुळे. त्यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं आणि रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी हे यकृताचं विकर (एन्झाइम) वाढलेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या फोनवर याद्या यायला लागल्या: भुईआवळा, कुटकी, गुळवेल, माका, पुनर्नवा, कालमेघ, हळद, मिल्क थिसल. काकांनी त्या सगळ्या मला पुढे पाठवल्या आणि फोन केला. "अगं, तू ते पेपर वाचतेस ना, मग यातलं कुठलं खरं ते सांग. सगळी घेतली तर पोटात जागा राहायची नाही." मी म्हटलं, "काका, वाचून सांगते, तोवर काही सुरू करू नका." वाचायला घेतलं आणि त्यातच रमले.

भुईआवळ्यापासून सुरुवात केली, कारण या यादीत सर्वांत मोठ्या माणसाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. हे रोप हातात घेऊन बघण्यासारखं असतं. उंची वीत-दीड वीत. बारीक पानांची डहाळी वरून बघितली तर संयुक्त पानासारखी दिसते, पण ती उलटी केली की खालच्या बाजूला देठालगत चिमुकल्या हिरव्या फळांची रांग लागलेली असते. संयुक्त पानाला फळं लागत नाहीत. म्हणजे ही डहाळीच आहे आणि तिच्यावरचं प्रत्येक इवलं पान स्वतंत्र. या फायलँथस वंशात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जाती इतक्या आहेत, की वनस्पतिशास्त्रज्ञही गोंधळतात. भारतातल्या जुन्या लिखाणात 'निरुरी' म्हणून नोंदलेला पुष्कळसा माल प्रत्यक्षात 'अमारस' असतो. हा गोंधळ पुढे महत्त्वाचा ठरतो.

बरूच ब्लमबर्ग हे हेपटायटिस बीच्या विषाणूचं पृष्ठप्रथिन शोधणारे शास्त्रज्ञ. त्याबद्दल त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वनौषधींकडे मोर्चा वळवला. भुईआवळ्याचा अर्क परीक्षानळीत या विषाणूचं डीएनए पॉलिमरेज हे विकर अडवतो, असं त्यांना दिसलं. मग १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मद्रासचा अभ्यास आला. हेपटायटिस बीच्या जुनाट वाहकांना वाळवलेल्या भुईआवळ्याची २०० मिलिग्रॅम पूड, दिवसातून तीनदा, तीस दिवस. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून ते पृष्ठप्रथिन नाहीसं झालं. प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, घेतलेल्या गटात २३ पैकी फक्त एकाच्या.

एकोणसाठ टक्के विरुद्ध चार टक्के. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. जुनाट वाहकांत हे प्रथिन आपोआप जाण्याचं प्रमाण वर्षाला शेकडा एकच्या आसपास असतं, आणि आजची उत्तमोत्तम औषधंही ते सहजी घालवू शकत नाहीत. इथे एक तण महिन्याभरात निम्म्याहून अधिक जणांत तो चमत्कार करत होतं. खरं तर इथेच थबकायला हवं. निकाल जितका अचाट, तितका पुरावा भक्कम लागतो. आणि त्या दोन आकड्यांकडे पुन्हा बघा, ३७ आणि २३. जवळपास बरोबरीचे असायला हवेत असे दोन गट मोजणीच्या वेळी इतके विषम असले, की मला ते खटकतं. जे मोजणीत नाहीत त्यांचं काय झालं?

पुढे थायलंडमध्ये करून पाहिलं, जमलं नाही. न्यूझीलंडमध्ये जमलं नाही. कुणी म्हणालं जात वेगळी, कुणी म्हणालं माती वेगळी, तोडणीचा हंगाम वेगळा, विषाणूचा प्रकार वेगळा. या शक्यता अगदीच टाकाऊ नाहीत. वनस्पतीतल्या रसायनांचं प्रमाण खरोखरच जागेनुसार आणि ऋतूनुसार बदलतं. पण मग मूळचा निकाल देणारं रोप नेमकं कुठलं, ते ओळखून पुन्हा तोच निकाल काढून दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर येते. २०११ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात सगळे अभ्यास एकत्र पाहिले गेले. प्लासिबोपेक्षा भुईआवळा सरस असल्याचा खात्रीलायक पुरावा त्यात निघाला नाही. यात कुणी लबाडी केली असं मला वाटत नाही. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूनं केलेला छोटा अभ्यासही फसवू शकतो आणि नोबेल मिळालेल्या माणसालाही त्यातून सूट नसते. आजही भुईआवळ्याच्या जाहिराती १९८८ पाशी येऊन थांबतात, त्याचा मात्र मला मनापासून वैताग येतो.

याद्यांमध्ये एक वाक्य फार वेळा येतं: 'यकृतसंरक्षक गुण शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध.' हे सिद्ध कुठे झालं असं शोधत गेलं, की बहुतेक वेळा आपण एका उंदरापाशी पोचतो. त्याला काही दिवस वनस्पतीचा अर्क पाजलेला असतो. मग कार्बन टेट्राक्लोराइड दिलेलं असतं, एके काळी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला आणि आग विझवायला वापरलं जाणारं द्रव्य. दुसऱ्या दिवशी रक्त तपासतात, यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. अर्क घेतलेल्या उंदरांचं नुकसान कमी दिसतं आणि शोधनिबंध तयार होतो. असे निबंध ढिगानं आहेत. हातातल्या कुठल्याही वनस्पतीचं नाव घालून शोधलं, तर एखादा सापडेल अशी माझी पैज आहे.

यातली गोम अशी, की कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः तितकंसं घातक नसतं. यकृतातलं सीवायपी २ई१ नावाचं विकर ते फोडतं आणि त्यातून जो मुक्त मूलक सुटतो, तो पेशींची आवरणं जाळतो. मग अर्कानं ते विकर नुसतं मंद केलं, तरी नुकसान टळतं. किंवा अर्कात कुठलाही ऑक्सिडीकरणरोधक भरपूर असला, तरी टळतं. यातून त्या प्रयोगापुरतं संरक्षण सिद्ध होतं, पण ते विषाणूच्या, दारूच्या किंवा चरबीच्या दुखण्याला लागू होईलच असं नाही. शिवाय क्रम बघा. उंदराला औषध आधी, विष नंतर. माणूस औषधाकडे वळतो ते नुकसान होऊन वर्षं लोटल्यावर. शोधनिबंधाच्या शीर्षकात हा क्रम कधीच दिसत नाही, पद्धतीच्या परिच्छेदात शोधावा लागतो.

मिल्क थिसलची गोष्ट या सगळ्यांत जास्त पोक्त. जांभळ्या काटेरी बोंडाची, पानांवर पांढऱ्या रेषांची नक्षी असलेली ही भूमध्य सागराकडची वनस्पती, आणि तिच्या बियांतून निघणारं सिलिमरिन. १९८९ मध्ये व्हिएन्नाहून सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण झालेल्या, १७० रुग्णांचा अभ्यास आला. चार वर्षांनी सिलिमरिन गटातले ५८ टक्के जिवंत होते, प्लासिबोचे ३९ टक्के. एवढ्या रुग्णांवर, एवढा काळ आणि थेट जगण्या-मरण्यावर मोजलेला अभ्यास वनौषधींच्या वाट्याला क्वचित येतो. मग १९९८ मध्ये स्पेनमध्ये दारूमुळे सिरॉसिस झालेल्या २०० जणांवर तसाच अभ्यास झाला आणि दोन गटांत फरक दिसला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत हेपटायटिस सीच्या १५४ रुग्णांना नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त सिलिमरिन चोवीस आठवडे दिलं. यकृताचं विकर ठरलेल्या पातळीपर्यंत उतरलं असे रुग्ण प्रत्येक गटात दोन-दोनच निघाले, प्लासिबोतही दोनच. पुढच्या वर्षी सोफोसबुव्हिर बाजारात आलं. त्या नव्या पिढीच्या गोळ्यांनी आता काही आठवड्यांत शंभरातले पंचाण्णव जण हेपटायटिस सीमधून मुक्त होतात, त्यामुळे सिलिमरिनचा तो प्रश्नच मागे पडला.

तरी या बियांना एक जागा अशी आहे, जिथे मीही मान तुकवते. अमॅनिटा फॅलॉइडिस हे विषारी अळंबं खाल्लेल्या माणसाला युरोपात सिलिबिनिन, म्हणजे सिलिमरिनमधलाच मुख्य घटक, शिरेतून देतात. या अळंब्यातलं विष यकृताच्या पेशीत ज्या वाहक प्रथिनाच्या दारानं शिरतं, ते दार सिलिबिनिन अडवतं. विष पित्तातून आतड्यात आणि आतड्यातून परत यकृतात असं फिरत राहतं, म्हणून उशिरा दिलं तरी उपयोगाची शक्यता उरते. अशा रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून प्लासिबो द्यायला कोण धजणार? तसा अभ्यास नाहीच. पण कारण आणि परिणाम यांची साखळी इथे स्पष्ट दिसते. औषध कुठल्या विषासाठी, कुठल्या दारावर, कुठल्या मार्गानं, हे ठाऊक आहे. 'लिव्हरसाठी चांगलं' यापेक्षा हे फार वेगळं विधान आहे.

दरम्यान काकांनी कुठली तरी बाटली आणलीच. महिन्याभरानं फोन: "एसजीपीटी अठ्ठ्याण्णववरून एकसष्टवर आलं! आता बोल."

काय बोलणार? आनंद झालाच. पण एसजीपीटी हा यकृताच्या तब्येतीचा आकडा नाही, पेशी फुटून रक्तात सांडलेल्या विकराचा आकडा आहे. तो रोज थोडा वर-खाली होतो. खूप वर असताना मोजला, तर पुढच्या वेळी तो खाली येण्याचीच शक्यता जास्त, औषध घ्या वा न घ्या. उलट सिरॉसिस पुढे गेलेल्या माणसाचं एसजीपीटी अगदी सुरेख असू शकतं, कारण सांडायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात. चीनमध्ये शिसँड्राच्या फळावरून बायफेंडेट नावाचं औषध बनवलं. ते हा आकडा झपाझप उतरवतं. बंद केलं की बऱ्याचदा आकडा पुन्हा चढतो. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन जपानमध्ये कित्येक दशकं इंजेक्शनानं दिलं गेलं. आकडे तिथेही उतरतात, पण सोबत पोटॅशियम घसरू शकतं आणि रक्तदाब चढू शकतो. काकांना मी एवढंच विचारलं, "या महिन्यात आणखी काय बदललं?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "संध्याकाळी चालायला लागलोय. आणि ते... रात्रीचं बंद केलंय." रात्रीचं म्हणजे काय, ते काकूंनी मागून ओरडून सांगितलं.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल याद्यांत अवाक्षर नसतं. तोंडानं घेतलेलं जवळपास सगळं आतड्यातून शोषलं जाऊन प्रवेशिनी शिरेतून आधी यकृतातच जातं. जे यकृतावर काम करू शकतं, ते यकृताला दुखवूही शकतं.

गुळवेलीचं उदाहरण ताजं आहे. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी तिचा खप प्रचंड वाढला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली: गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज, आणि तिचं रूप स्वप्रतिकारक हेपटायटिससारखं, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं. पुढच्या वर्षी भारतातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण मांडले. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की ही खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असेल. तो मुद्दा काही नमुन्यांपुरता तपासण्यासारखा होताच. पण मला यात दुसरीच गोष्ट बोचते. प्रतिकारशक्ती चेतवते म्हणूनच ही वेल विकली जात होती. मग ज्या माणसाच्या शरीरात ती यंत्रणा आधीच चुकीच्या दिशेला झुकलेली आहे, त्याच्यासाठी तोच गुण अवगुण ठरू शकतो, हे वेष्टनावर कुणी का लिहिलं नाही?

हळदीचंही तसंच. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतइजांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्यानं २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे झालेले दहा रुग्ण मांडले. सगळे २०११ नंतरचे. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एक विशिष्ट जनुकप्रकार सापडला, जो सर्वसाधारण लोकांत कितीतरी कमी आढळतो. ग्रीन टीच्या अर्कानं यकृत दुखावलेल्यांतही हाच जनुकप्रकार डोकं वर काढतो. काहींच्या गोळ्यांत मिरीतलं पायपरिनही होतं. ते का घालतात? १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की हळदीतल्या दोन ग्रॅम करक्यूमिनसोबत वीस मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर माणसाच्या रक्तात करक्यूमिन वीसपटीनं जास्त पोचतं. एरवी ते जेमतेम शोषलं जातं. म्हणजे साध्या हळदीला आजवर जी सुरक्षितता लाभली होती, तिच्यामागे न शोषलं जाण्याचाही हात असावा. गोळी बनवणाऱ्यानं नेमकं तेच कुलूप उघडलं. पिढ्यान्पिढ्या वापरतोय हे प्रमाणपत्र मसाल्याला मिळालेलं होतं, ते परस्पर अर्काच्या नावावर चढवता येत नाही.

आणि पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाबद्दल. मी तो तुच्छ मानत नाही. पाला खाऊन तासाभरात उलट्या झाल्या, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं आणि ती वनस्पती वापरातून बाद होते. अशी चाळणी शेकडो वर्षं लागलेली असते. पण दहा हजारांत एकाला, तेही दोन-तीन महिन्यांनी होणारी इजा या चाळणीत कधीच अडकत नाही. कंफ्री ही वनस्पती युरोपात शतकानुशतकं औषधी म्हणून वापरात होती. तिच्यात पायरोलिझिडिन अल्कलॉइड असतात, जे यकृतातल्या बारीक शिरा हळूहळू बंद करतात. १९५० च्या दशकात जमैकात डॉक्टरांनी पोट फुगलेल्या मुलांचं कोडं सोडवलं, तेव्हा धागा क्रोटलेरियासारख्या झुडपांच्या काढ्यापर्यंत पोचला. त्यातही तेच अल्कलॉइड. काढा पाजणाऱ्या आयांचा अनुभव खोटा नव्हता. कारण आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर असलं, की ते अनुभवाला दिसतच नाही. यकृताच्या बाबतीत हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. ते स्वतःहून सावरलं की जमेच्या रकान्यात औषधाचं नाव, आणि उशिरा बिघडलं की खर्चाच्या रकान्यात कुणाचंच नाही.

अशी इजा ओळखायला आजही एक नेमकी तपासणी नाही. हेपटायटिस ए, बी, सी, ई वगळायचे, पित्तमार्ग बघायचा, स्वप्रतिकारक प्रतिपिंडं बघायची, मग रुग्णाला विचारायचं की काय काय घेत होता. रुग्ण गोळ्यांची नावं सांगतो, काढ्याचं सांगत नाही, कारण त्याच्या मते ते औषधच नसतं. अशा इजेत कावीळ झाली, की दहातला एक दगावू शकतो किंवा यकृतरोपणापर्यंत पोचतो. हायमन झिमरमन या यकृततज्ज्ञानं नोंदलेलं हे निरीक्षण नव्या औषधांच्या चाचण्यांत अजूनही धोक्याची खूण म्हणून वापरतात. बाजारात आयतं मिळणाऱ्या काढ्याला ती कसोटी लावायचं बंधन नाही.

काकांच्या फॅटी लिव्हरला काय लागू पडतं, हे खरं तर बरंच ठाऊक आहे. २०१५ मध्ये क्युबातून २९३ जणांचा अभ्यास आला, वर्षभर नुसता आहार आणि व्यायाम, आधी आणि नंतर बायोप्सी. ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवलं, त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांची यकृताची सूज गेली आणि पंचेचाळीस टक्क्यांचा तंतुमय कठीणपणाही मागे हटला. तितकं वजन उतरवू शकले फक्त दहा टक्के लोक, हेही त्यातच आहे. आणि वनस्पतीच हवी असेल, तर कॉफी. ब्रिटनच्या यूके बायोबँकमधल्या जवळपास पाच लाख लोकांच्या पाहणीत कॉफी पिणाऱ्यांना जुनाट यकृतविकार एकवीस टक्क्यांनी आणि त्यातून मृत्यू एकोणपन्नास टक्क्यांनी कमी दिसले. ही नुसती पाहणी आहे. कॉफी पिणाऱ्यांची बाकीची राहणीही वेगळी असू शकते, तेव्हा इथेही श्रेयाचा प्रश्न सुटलेला नाही. पण यकृताच्या औषधांच्या एकाही यादीत मला कॉफी दिसली नाही. बहुधा पुरेशी कडू नसावी.

कडूवरून कुटकी. काकांच्या बाटलीत ती होती, म्हणून थोडी सुटी पूड मिळवून जिभेच्या टोकावर ठेवून बघितली. पहिला क्षण काहीच नाही, मातकट वास फक्त. मग कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूनं चढत गेला आणि पाणी प्यायल्यावर कमी व्हायच्या ऐवजी घशात पसरला. बराच वेळ लाळ सुटत राहिली. अशी चव असलेल्या मुळीवर माणसाचा विश्वास का बसतो, ते कळलं.

आणि या यादीत मला खरोखर कुतूहल वाटतं ते हिचंच. १९९६ मध्ये भारतात तीव्र हेपटायटिसच्या ३३ रुग्णांवर कुटकीचा अभ्यास झाला, कोणाला काय दिलंय ते लपवून, प्लासिबोशी तुलना करून. बिलिरुबिन सरासरी अडीच मिलिग्रॅमपर्यंत उतरायला प्लासिबो गटाला सुमारे ७६ दिवस लागले, कुटकी गटाला सुमारे २७. इथे उंदीर नाही, आधी पाजलेला अर्क नाही. आजारी माणसं आहेत आणि तुलनेला दुसरा गट आहे. रुग्ण फार थोडे, भुईआवळ्यानं शिकवलेला धडा इथेही लागू. तीन-चारशे रुग्णांवर, वेगवेगळ्या केंद्रांत हा अभ्यास पुन्हा व्हायला हवा, इतका सरळ पुढचा टप्पा आहे.

काकांना मी सांगितलं, की बाटली डॉक्टरांना दाखवा, औषधांच्या यादीत तिचं नाव लिहून घ्यायला लावा आणि चालणं सोडू नका. "म्हणजे कुटकी खोटी?" त्यांनी विचारलं. "खोटी नाही हो काका, अजून धड तपासलेलीच नाही." त्यावर ते म्हणाले, "एवढी वर्षं विकतायत आणि तपासलेली नाही?"

तपासायचा अवधीही फार नसावा. कुटकी हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढते आणि औषध तिच्या जमिनीखालच्या खोडात असतं. ते काढायचं तर रोप उपटावंच लागतं. इतकी उपटली गेली, की आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचं नाव घालावं लागलं. काढे आणि गोळ्या बनतच आहेत.